जनुकाची षष्ठी

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला रेणवीय जीवशास्त्र किंवा जनुकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मराठीचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्याकडे उत्तर मिळावे म्हणून विचारला जात नाही. तो विषय संपवण्यासाठी विचारला जातो. विज्ञान शाखेच्या प्राध्यापक-कक्षात त्याचे उत्तर गृहीत असते आणि खेदाची गोष्ट अशी, की मराठी विभागातही ते तसेच गृहीत असते. दोन्ही खोल्यांतले गृहीतक एकच: मराठीचा या विज्ञानाशी संबंध आलाच, तर तो पारिभाषिक शब्दांपुरता. शब्द आहेत की नाहीत, असले तर बोजड की सुबोध, एवढ्यावर वाद घालायचा आणि चहा घेऊन उठायचे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हा वादच भलत्या जागी चालला आहे. या विज्ञानाचे मराठीत जे अडते, ते नामांवाचून अडत नाही, वाक्यावाचून अडते. आणि वाक्य हा तर मराठीच्या अध्यापकाचा प्रांत.

नामांचा प्रश्न आधी निकालात काढू. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाने जनुक, गुणसूत्र, प्रथिन, प्रतिलेखन, भाषांतरण, उत्परिवर्तन हे सारे शब्द वाचलेले असतात. डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन ही वाट त्याला एकदा मराठीतून दाखवून झालेली असते. अकरावीला विज्ञान शाखेत पाऊल टाकताच ही मराठी थांबते, ती बहुधा कायमची. ती थांबते याचे कारण परिभाषेची उणीव हे नव्हे. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासूनचे, भाषा संचालनालय १९६० पासूनचे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासूनची. विश्वकोशाचे काम वेगळेच. शब्द घडवणाऱ्यांनी आपला वाटा उचलला नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. आणि जिथे शब्द सापडत नाही किंवा रुळत नाही, तिथे प्लाझ्मिड, रायबोझोम, कोडॉन हे शब्द जसेच्या तसे घ्यावेत. स्टेशन, तिकीट आणि टेबल पचवलेल्या भाषेला प्लाझ्मिड जड जाण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला वैद्यकीय अभ्यासक्रमाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, तेव्हा त्यांतल्या इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या म्हणून बरीच थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी नेम चुकवला. पाहायला हवे होते ते हे, की त्या संज्ञांना जोडणारी वाक्ये विचार वाहून नेतात की नाही. संज्ञा उसनी आणता येते. क्रियापद, विभक्ती आणि उभयान्वयी अव्यय उसने आणता येत नाही. आणि विचार राहतो तो तिथे.

आता विभक्तीचेच उदाहरण घेऊ. 'कर्करोगाचे जनुक सापडले', 'मधुमेहाचे जनुक', 'लठ्ठपणाचे जनुक' अशा बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. या '-चे'चा अर्थ काय? मराठीची षष्ठी ही मोठी सोशिक विभक्ती आहे. 'रामाचे घर' यात ती मालकी सांगते, 'मातीचा गणपती' यात घडण, 'पाण्याचा हंडा' यात उपयोग, 'डोकेदुखीचे कारण' यात कार्यकारणभाव. आणि 'डोकेदुखीचे औषध' यात ती नेमका उलटा संबंध सांगते. ते डोकेदुखी आणणारे औषध नसते, घालवणारे असते. ऐकणाऱ्याला यात घोटाळा वाटत नाही, कारण औषध म्हणजे काय हे त्याला आधीच ठाऊक असते. जनुक म्हणजे काय हे मात्र त्याला ठाऊक नसते. तिथे षष्ठी त्याला हवे तिकडे नेते.

बीआरसीए-१ हे जनुक पाहावे. स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये मांडला, १९९४ मध्ये ते जनुक प्रत्यक्ष हाती आले, आणि त्याचे नावच मुळी त्या रोगावरून पडले. पण हे जनुक आपणा सर्वांच्या पेशींत असते. तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेतले एक प्रथिन त्यावरून तयार होते. म्हणजे ते निरोगी असते तोवर कर्करोगाला अटकावच करते. त्यात बिघाड झाला, तर रोगाची शक्यता वाढते. तेव्हा 'कर्करोगाचे जनुक' ही षष्ठी 'डोकेदुखीचे औषध' या जातीची आहे. वाचक ती 'डोकेदुखीचे कारण' या जातीची समजतो. 'माझ्यात ते जनुक आहे का?' असा प्रश्न घेऊन तो डॉक्टरकडे जातो. खरा प्रश्न 'माझ्यातल्या त्या जनुकात बिघाड आहे का?' असा असायला हवा. इंग्रजीतही हा घोटाळा आहेच, पण आपल्याकडे तो उलगडून दाखवण्याचे साधन विभक्तिविचाराच्या रूपाने शाळेतल्या व्याकरणाच्या तासापासून पडून आहे. जनुकशास्त्राचा पदवीधर त्या साधनाला हात लावत नाही, कारण ते 'आर्ट्सवाल्यांचे' आहे. आणि आर्ट्सवाले जनुकाला हात लावत नाहीत, कारण ते 'सायन्सचे' आहे. मधल्या मोकळ्या जागेत बातमीदार उभा आहे.

विभक्तीने जे होते, ते क्रियापदानेही होते, आणि तिथे नुकसान शेतात मोजता येते. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जीवाणूचे जनुक कापसात घातले. त्यावरून तयार होणारे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात विष ठरते. २००६ मध्ये अशी दोन जनुके असलेले वाण आले. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने त्याच वाणांची बोंडे पोखरली. त्यावर सर्वत्र ऐकू आलेले वाक्य होते: 'अळीला बीटीची सवय झाली.' कीड सोकावली, अळीने प्रतिकारशक्ती कमावली, अशी त्याची भावंडेही होती. मराठी म्हणून ही वाक्ये उत्तम आहेत. विज्ञान म्हणून ती साफ चुकीची आहेत. कोणत्याही एका अळीला कशाचीही सवय झालेली नसते. लाखो अळ्यांमध्ये काही थोड्या अशा असतात, की त्यांच्यातल्या बदलामुळे विष त्यांच्यावर चालत नाही. बाकीच्या मरतात, या उरतात, आपसांत संकर होतो, आणि काही पिढ्यांत शेत त्यांच्याच संततीने भरते. 'सवय' या शब्दाचा कर्ता एक जीव आहे. या घटनेचा कर्ता एक समूह आहे आणि क्रियापद 'उरणे' हे आहे.

हा कीस काढणे वाटेल. पण बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याचे एक छोटे पाकीट मिळत असे, ते आठवावे. कडेने साध्या कापसाच्या ओळी लावा, असे सांगितले जाई. अनेकांनी ते पाकीट पेरले नाही. का पेरावे? 'सवय' या वाक्यात त्या ओळींना जागाच नाही. अळीला सवय लागू नये म्हणून शेजारी अळीसाठी बिनविषारी पंगत मांडायची, हे कोणत्याही शहाण्या माणसाला वेडगळच वाटणार. 'उरणे' या वाक्यात मात्र त्या ओळींचा अर्थ लागतो. साध्या कापसावर विषाला बळी पडू शकणाऱ्या अळ्या जगत्या राहतात, पुढे त्यांच्या पतंगांचा विषाला न जुमानणाऱ्या मोजक्या पतंगांशी संकर होतो, आणि त्या संततीवर विष पुन्हा चालण्याची शक्यता राहते. पाकीट न पेरण्यामागे केवळ भाषा होती असे कोणी म्हणणार नाही. जमीन तुटपुंजी होती, कडेच्या ओळींतले उत्पन्न बुडणार होते, पाकिटातल्या बियाण्याच्या दर्जाबद्दलही तक्रारी होत्या. पण ज्याला कारण सांगितलेच गेले नाही, त्याच्यावर सूचना मोडल्याचा ठपका ठेवता येत नाही. ते कारण सांगू शकतील असे पदवीधर आपल्या महाविद्यालयांतूनच बाहेर पडत होते. त्यांना ते इंग्रजीत, पाच गुणांच्या टिपेपुरते येत होते.

तिसरे उदाहरण संख्येचे, आणि ते सर्वांत हळवे आहे. सिकलसेल हा आजार विदर्भात, गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आणि इतर काही समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आजाराचे मूळ रेणवीय जीवशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असते: हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये हे दाखवले, आणि डीएनएच्या पातळीवर तो केवळ एका अक्षराचा फरक आहे. विद्यार्थी हे सहज लिहितो. आता हाच विद्यार्थी पदवीनंतर तपासणी केंद्रात किंवा समुपदेशनाच्या कामावर रुजू झाला आणि समोर एक जोडपे बसले, दोघेही वाहक. तो सांगतो, 'तुमच्या चार मुलांपैकी एकाला आजार होईल.' ज्यांचे पहिले मूल आजारी निघाले, ते या वाक्यावरून काय समजतील? एकाची पाळी होऊन गेली, आता पुढची तिघे सुखरूप. खरे वाक्य असे आहे: 'प्रत्येक गरोदरपणात, दर वेळी नव्याने, चारात एक एवढी शक्यता आहे; आधीच्या मुलाला काय झाले याने ती बदलत नाही.' पहिल्या वाक्यात आणि दुसऱ्यात पारिभाषिक शब्द एकही नाही. फरक 'पैकी' आणि 'दर वेळी नव्याने' यांतला आहे, आणि त्या फरकावर एका कुटुंबाचा निर्णय उभा आहे.

'वाहक' या शब्दाचेही तसेच. आरोग्यखात्याच्या मराठीत डास हा रोगाचा वाहक असतो. तो रोग एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. सिकलसेलच्या तपासणीत मुलीला 'वाहक' म्हटले, की सोयरिकीच्या बैठकीत तो शब्द याच अर्थाने ऐकला जाण्याचा धोका असतो, जणू तिच्या सहवासाने कुणाला काही होणार आहे. शब्द बदला असे माझे म्हणणे नाही. प्रमाण परिभाषा अशा कारणासाठी दर वर्षी बदलत बसलो, तर कोशांची रद्दी होईल. पण त्या शब्दाला लगेच एक वाक्य जोडायला हवे: 'हिला आजार नाही, हिच्यामुळे कुणाला लागण होत नाही, प्रश्न फक्त जोडीदारही वाहक असला तर होणाऱ्या मुलांचा आहे.' हे वाक्य परिभाषाकोशात सापडणार नाही. ते घडवावे लागते. शिवाय या पट्ट्यात ऐकणाऱ्याची घरची भाषा अनेकदा गोंडी, माडिया किंवा भिली असते आणि मराठी ही दुसरी. तेव्हा तिथे मराठी वाक्य अधिकच निर्मळ हवे.

इथवरची उदाहरणे विज्ञान दुसऱ्याला सांगण्याची झाली. कोणी म्हणेल, सांगणे हे वेगळे कौशल्य आहे; विद्यार्थ्याला समजले म्हणजे अभ्यासक्रमाचे काम झाले. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. रेणवीय जीवशास्त्र हे नावांचे शास्त्र नाही, युक्तिवादांचे शास्त्र आहे. त्यातला एक युक्तिवाद मराठीत मांडून पाहू. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची नक्कल होते, ती कशी? तीन शक्यता होत्या. जुने सर्पिल अखंड राहून शेजारी संपूर्ण नवे तयार होत असेल. किंवा जुन्याचे दोन धागे सुटे होऊन प्रत्येकाला नवा जोडीदार मिळत असेल. किंवा जुन्या-नव्याचे तुकडे सर्व धाग्यांत विखुरले जात असतील. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जीवाणू अनेक पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवले आणि मग एकदम साध्या नायट्रोजनवर आणले. डीएनए काढून सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिवेगाने फिरवला, म्हणजे तो आपल्या घनतेप्रमाणे पट्ट्याच्या रूपाने स्थिरावतो. पहिली शक्यता खरी असती, तर एका पिढीनंतर दोन पट्टे दिसले असते, एक जड, एक हलका. दिसला एकच, आणि तोही मधला. म्हणजे पहिली शक्यता गेली. तिसरी खरी असती, तर दुसऱ्या पिढीनंतरही एकच पट्टा दिसला असता, फक्त आधीपेक्षा हलका. दिसले दोन, एक मधला आणि एक हलका. म्हणजे तिसरीही गेली. दुसरी उरली.

या परिच्छेदातले सर्वांत अवघड शब्द कोणते? सीझियम क्लोराइड नव्हे. 'असती, तर… दिसले असते' हे ते शब्द. संकेतार्थाची ही रचना मराठीत लख्ख आहे; घडले नाही त्याची कल्पना करून घडले त्याचा अर्थ लावण्याचे संपूर्ण यंत्र तिच्यात आहे. पण प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याकडून ही रचना मागत नाही. ती व्याख्या मागते, नामनिर्देशित आकृती मागते, चार पर्यायांतला एक मागते. 'अर्धसंरक्षी प्रतिकृती' या शब्दाचे इंग्रजी नाव त्याला पाठ असते. उरलेल्या दोन शक्यता कशामुळे बाद झाल्या, हे विचारले की तो आकृतीकडे बोट दाखवतो. ज्याला युक्तिवाद कोणत्याच भाषेत वाक्याने मांडता येत नाही, त्याला तो समजला आहे हे ओळखायचे कशावरून? 'समजले आहे, फक्त सांगता येत नाही' हे वाक्य कवितेच्या तासाला आपण ऐकून घेत नाही. जनुकशास्त्राच्या तासाला ते का चालावे?

मूळ लेखन नीट वाचण्याचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. फ्रान्सिस क्रिक यांचा 'सेंट्रल डॉग्मा' घ्यावा. १९५७च्या व्याख्यानात मांडलेला आणि १९५८ मध्ये छापला गेलेला त्यांचा मूळ आशय निषेधाचा होता: अनुक्रमाची माहिती एकदा प्रथिनात उतरली, की ती तिथून परत बाहेर येऊ शकत नाही. पाठ्यपुस्तकांनी त्याचे वर्णन करून टाकले: डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन. 'असे होऊ शकत नाही' आणि 'असे होते' ही दोन वेगळ्या जातींची वाक्ये आहेत. १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांच्या कामातून आरएनएवरून डीएनए तयार करणारे विकर समोर आले, तेव्हा डॉग्मा कोसळल्याचा गलबला झाला. पाठ्यपुस्तकातले वर्णन त्यामुळे अपुरे ठरले होते. क्रिक यांचा निषेध जागच्या जागी होता, आणि त्याच वर्षी त्यांनी तो पुन्हा स्पष्ट केला. 'डॉग्मा' या शब्दाचा शंका घेण्यास मनाई असलेले मत हा अर्थ आपल्या मनात नव्हता, हेही त्यांनी पुढे सांगितले आहे. मराठीत त्याला 'सिद्धान्त' म्हटले, की ही सारी गंमत आणि तिच्यातला धडा दोन्ही पुसले जातात. मूळ संहिता आणि तिचा पाठ्यपुस्तकी सारांश यांतले अंतर दाखवणे हे साहित्याच्या अध्यापकाचे रोजचे काम आहे. ते जीवशास्त्राच्या पानावर करायला त्याला कोणी मज्जाव केला आहे?

आपल्या गोटाकडेही पाहू. समीक्षेत हल्ली 'कादंबरीचा डीएनए', 'परंपरेची गुणसूत्रे' असे प्रयोग सर्रास दिसतात. अर्थ असतो: आतले, अढळ, न बदलणारे. राजकीय भाषणांत 'हे आमच्या डीएनएतच आहे' म्हणतात तेही याच अर्थाने. जनुकशास्त्राने शंभर वर्षांत शिकवले ते याच्या उलट आहे: नक्कल करताना चूक होते, चुकीतून भेद होतो, आणि भेदावाचून उत्क्रांती नाही. या शास्त्राने आपल्याकडून लेखन, भाषांतर, संपादन, वाचन ही रूपके घेतली आणि ती तपासून वापरली. आपण त्याच्याकडून एक रूपक घेतले आणि ते न तपासता दैववादाच्या सेवेला लावले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद रास्तच आहे. पण अभिजाततेचा उत्सव करणाऱ्या विभागाला 'कर्करोगाचे जनुक' ही षष्ठी खुपत नसेल, तर तो उत्सव भूतकाळापुरताच राहील.

इंग्रजी हटवा, अशी माझी मागणी नाही. संशोधन इंग्रजीत चालते, पुढचे शिक्षण इंग्रजीत आहे, आणि खेड्यातून आलेल्या मुलीला इंग्रजीपासून दूर ठेवून मराठीप्रेम मिरवणे हा क्रूरपणा आहे. मागणी लहान आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या पदवी आराखड्यात क्षमता संवर्धनाच्या नावाखाली भारतीय भाषांना काही श्रेयांक मिळाले आहेत. त्या तासांना विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून अर्ज, जाहिरात आणि सभेचा वृत्तान्त लिहून घेण्यापेक्षा एक प्रयोग लिहून घ्यावा. चार पाने, मराठीत. संज्ञा हव्या तितक्या इंग्रजी असोत; पण कोणत्या शक्यता होत्या, काय दिसले असते, काय दिसले, म्हणून काय उरले, हे वाक्यांत आले पाहिजे. ते जीवशास्त्राच्या आणि मराठीच्या अध्यापकाने मिळून तपासावे, आणि विद्यार्थ्याने ते कला शाखेच्या एका मुलाला वाचून दाखवून त्याच्या तीन प्रश्नांना उत्तरे द्यावीत. याला अनुदान लागत नाही, समिती लागत नाही, नवा कोशही लागत नाही. दोन विभागांमधला एक जिना चढण्या-उतरण्याची तयारी तेवढी लागते.

मराठी ज्ञानभाषा व्हावी असे ठराव आपण पुष्कळ केले. ठरावात नामे भरपूर असतात आणि क्रियापद बहुधा 'व्हावी' हे एकच. ज्ञान मात्र 'असती तर', 'दर वेळी नव्याने', 'उरणे' अशा साध्या शब्दांतून चालते, आणि ते शब्द सांभाळण्यासाठीच आपल्याला नेमलेले आहे. 'डोकेदुखीचे औषध' आणि 'डोकेदुखीचे कारण' यांतला भेद ज्याला वर्गात फळ्यावर लिहून दाखवता येतो, त्याने 'कर्करोगाचे जनुक' हे शब्द दिसले की 'हा आपला विषय नव्हे' म्हणून पान उलटू नये.